सोळा आणे साहेब

“आपण नक्की कोण?” असं कुणी तोंडावर विचारलं की आपल्याला राग येतो. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातले साहेब हा प्रश्न दिवसातून दहा जणांना विचारायचे, आणि उत्तर लिहून घ्यायला पेनाचं टोपण आधीच काढून ठेवायचे. समोरचा माणूस त्यांच्याबरोबर वीस वर्षं चहा पीत आलेला असला तरी फरक पडत नसे. “मला माहीत आहे हो आपण कोण ते,” ते म्हणायचे, “पण मला माहीत असून उपयोग काय? नोंदीला माहीत पाहिजे.”

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनीच फोन करून विचारलं असतं, की बाई, या नावाची मुंबईत किती माणसं आहेत ते बघितलंत का?

अंगाने किडकिडीत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. त्यातलं लाल पेन फक्त लोकांच्या नावांतल्या चुका दुरुस्त करायला. ठाकूरद्वारला एका वाडीत दोन खोल्यांत एकटेच राहायचे आणि चालत कामावर यायचे. वाटेत दुकानांच्या पाट्या वाचायचे, आणि एकाच दुकानाच्या दोन पाट्यांवर मालकाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं दिसलं की आत जाऊन सांगायचे. ठाकूरद्वारच्या एका शिंप्याने म्हणे त्यांच्यामुळे पाटी बदलली आणि वर त्यांनाच शर्टाच्या शिलाईत सूट दिली. ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली, म्हणून खरी धरायची. खोटं बोलण्याइतकी कल्पनाशक्ती त्यांच्याकडे नव्हती.

त्यांच्या डोक्यात एकच वेड होतं, आणि ते सोळा आकड्यांचं होतं. संशोधन करणाऱ्या कुणालाही जगात एक सोळा आकडी क्रमांक फुकट मिळतो. संगणकावर पाच मिनिटांत निघतो. तुम्ही नोकरी बदला, देश बदला, लग्न करा, मोडा, आडनाव बदला, क्रमांक तोच राहतो आणि तुमचे लेख त्याला चिकटून राहतात. विद्यापीठाने आपल्या माणसांचे लेख, प्रबंध आणि आकडेवारी एका जागी जमा करायला एक रिपॉझिटरी उघडली होती. साहेब तिला कोठार म्हणत. कोठारातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या कर्त्याचा क्रमांक असला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नाहीतर आमच्या लोकांचं काम जगात कुठे वाचलं जातं, कोण त्याचा आधार घेतं, हे कळायला मार्गच नाही, असं त्यांचं म्हणणं. “नाव हाक मारायला असतं,” ते म्हणत, “शोधायला क्रमांक लागतो.”

आम्ही प्राध्यापक मंडळींनी या क्रमांकाकडे ‘आणखी एक फॉर्म’ म्हणून पाहिलं. त्याचा सूड त्यांनी स्मरणपत्रांनी घेतला. रोज सकाळी ठीक साडेदहाला ईमेल. विषय: ‘स्मरण क्रमांक १२’, ‘स्मरण क्रमांक १३’. प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि तो ते पाठ ठेवत. कँटीनच्या रांगेत मागून आवाज यायचा, “आपण एकोणतीसवर आहात.” पोरांनी त्यांचं नाव ‘सोळा आणे’ ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, “चालेल. हे नाव दुसऱ्या कुणाचं नाही.”

मी एक्केचाळीसवर होते. प्राणिशास्त्र शिकवते, तिसऱ्या, खुबे, कालवं असल्या शिंपल्यांवर माझं काम. शिंपल्यांची जात ओळखण्यासाठी तीन-तीन तास भिंगाखाली डोळे फोडणारी बाई स्वतःच्या ओळखीसाठी पाच मिनिटं काढत नव्हती. हे वाक्य माझं नाही. स्मरण क्रमांक चाळीसमध्ये त्यांनी लिहिलेलं आहे.

त्यांचा पहिला मोठा विजय म्हणजे सावंत प्रकरण. आमच्याकडे एस. एस. सावंत चार. एक रसायनशास्त्रात, एक अर्थशास्त्रात, एक वसतिगृहावर आणि एक शारीरिक शिक्षणाचे. रसायनवाल्यांनी प्लास्टिकवर काहीतरी नामी शोध लावला, आणि परदेशातल्या एका परिषदेचं निमंत्रण आलं ते शारीरिक शिक्षणवाल्या सावंतांना. त्यांनी तर ते खरंच धरलं. तिकडे कबड्डीला मागणी असेल असं समजून त्यांनी पासपोर्टला अर्ज टाकला आणि आमच्या खोलीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. मग साहेबांनी एका दुपारी चारही सावंतांना ग्रंथालयात एका टेबलाभोवती बसवलं, पदरच्या पैशाने बटाटेवडे मागवले आणि म्हणाले, “क्रमांक काढल्याशिवाय चटणी मिळणार नाही.” चौघं आधी तुम्ही कुडाळचे की वेंगुर्ल्याचे यावरून तासभर भांडले, पण उठले ते चार वेगवेगळे क्रमांक घेऊन. निमंत्रण योग्य सावंतांना गेलं. शारीरिक शिक्षणवाले आठवडाभर साहेबांशी बोलत नव्हते. मग एक दिवस ते स्वतः कबड्डीतल्या गुडघ्याच्या दुखापतींवर लेख घेऊन ग्रंथालयात हजर झाले. म्हणाले, “आता क्रमांक आहेच तर खाली काहीतरी पाहिजे ना!”

वनस्पतिशास्त्रातल्या एका मुलीचं दादरला लग्न होतं. तिथे हॉलच्या स्टेजवर आहेराच्या रांगेत साहेब उभे राहिले. पाकिटात पैसे होतेच, शिवाय एक चिठ्ठी होती. त्यावर तिचा सोळा आकडी क्रमांक टपोऱ्या अक्षरांत, आणि खाली: ‘आपण नाव बदललंत तरी हा बदलत नाही. शुभाशीर्वाद.’ नवऱ्याच्या आईने तो कागद उलटसुलट करून विचारलं, “हे लॉटरीचं काय आहे?” साहेब तिथेच उभं राहून समजावून सांगायला लागले. पाठीमागे सत्तर माणसं खोळंबली आणि फोटोवाला घामाघूम झाला. त्या मुलीने मात्र ती चिठ्ठी लॅमिनेट करून टेबलावर लावली आहे.

हे वेड आलं कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी मला भांड्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या आईच्या भांड्यांवर तीन नावं होती. माहेरून आलेल्यांवर माहेरचं, लग्नात मिळालेल्यांवर सासरचं, आणि एका पातेल्यावर नाव घालणाऱ्याने चुकून भलत्याच बाईचं. आई गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा माहेरच्या नावाची भांडी काकूंनी “ही कोण बाई? ही आपली नव्हेत” म्हणून मोडीत घातली. “माझ्या आईचीच होती हो,” साहेब म्हणाले. “मी सात वर्षांचा. सांगत होतो, पण मुलाचं कोण ऐकतं? आणि ते चुकीच्या नावाचं पातेलं तेवढं माझ्याकडे राहिलं. अजून त्यातच चहा करतो.” सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. त्या दिवशी तरी मी क्रमांक काढायला हवा होता. नाही काढला. लेक्चर होतं.

मग माझी पाळी आली.

प्रोफेसरपदासाठी मी अर्ज केला होता. सोबत चौदा लेखांची यादी जोडली होती. तीन आठवड्यांनी फाइल परत आली. पडताळणीत तीनच लेख माझ्या नावावर सापडले होते. उरलेल्या अकरांपुढे एकाखाली एक शेरा होता: ‘लेखक भिन्न.’ आणि शेवटी एक ओळ: एका महिन्यात समाधानकारक खुलासा न आल्यास अर्ज रद्द, आणि दुसऱ्याचे लेख स्वतःचे म्हणून दाखवल्याबद्दल चौकशी. मी ती ओळ चार वेळा वाचली. बढती गेली तर गेली, पण चोर? वीस वर्षं खाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत उभं राहून केलेलं काम, आणि मी चोर! फाइल घेऊन मी तडक ग्रंथालयात गेले. “एक्केचाळीस वेळा सांगितलं होतं,” असं ते म्हणतील याची तयारी ठेवून गेले होते.

ते तसं काही म्हणाले नाहीत. फाइल वाचली, संगणकावर थोडा वेळ शोधलं आणि विचारलं, “दत्ताराम कोण?”

“माझे वडील.”

“ते शिंपल्यांवर लिहितात?”

“छे हो! बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर करी रोडच्या टॉवरवर वॉचमन. चौथी शिकलेत.”

साहेबांनी संगणक माझ्याकडे वळवला. जगाच्या यादीत माझे अकरा लेख एका ‘दत्ताराम’ नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावावर दिमाखात उभे होते. पोर्तुगालमधल्या कुणीतरी त्यांचा आधार घेतला होता. ‘दत्ताराम आणि इतर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे.’ मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

घोळ कसा झाला ते साहेबांनी दोन मिनिटांत काढलं. आपण मराठी माणसं शाळेच्या दाखल्यापासून नाव कसं लिहितो? आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. नियतकालिकाच्या फॉर्मवर ‘पहिलं नाव’ असा रकाना होता. मी जे पहिलं लिहिते ते लिहिलं, म्हणजे आडनाव. ‘शेवटचं नाव’ या रकान्यात शेवटचं लिहिते ते, म्हणजे दत्ताराम. बाहेरच्या जगात शेवटचं नाव म्हणजे आडनाव. झालं! बिनबोभाट अकरा वेळा मी माझं काम वडिलांच्या नावावर करून दिलं होतं. जे तीन लेख यातून बचावले ते सहलेखकांनी पाठवले होते म्हणून. लग्नानंतर नाव बदललं नव्हतं, तेही काही तत्त्व म्हणून नव्हे, बँकेतल्या रांगेचा कंटाळा म्हणून. बदललं असतं तर माझ्या नवऱ्यालाही शिंपल्यांत चांगलं नाव मिळालं असतं.

“आता क्रमांक काढू या,” साहेब म्हणाले. पाच मिनिटं लागली. खरंच पाचच.

पण लेख माझ्या क्रमांकाला जोडायच्या वेळी ते थांबले. “दत्तारामरावांना विचारलं पाहिजे.”

“काय विचारणार?”

“हे लेख त्यांनी लिहिलेत का.”

मला वाटलं थट्टा करताहेत. पण हा माणूस थट्टा करत नसे. एखाद्या नावावरचं काम काढायचं तर त्या नावाच्या माणसाला विचारल्याशिवाय ते हात लावणार नव्हते. रविवारी सकाळी ते लालबागला हजर. आमच्या चाळीखालच्या गल्लीत मसाल्याची दुकानं. मिरची कांडपाचा वास नाकात जाऊन ते जिन्यात सात वेळा शिंकले आणि तशाच लाल डोळ्यांनी बाबांसमोर बसले. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले, पण स्वच्छ लेंगा-सदरा घालून वाट पाहत होते. साहेब येणार म्हणून त्यांनी सकाळीच दाढी केली होती.

साहेबांनी अकरा लेखांच्या प्रती एकेक करून पुढ्यात ठेवल्या. “हे आपण लिहिलेत का?”

बाबा घाबरले. “मी? सायबानू, चौथीत शाळा सुटली माझी. मी खयसून लिवतलंय? माझ्यार केस-बिस नाय ना होवची?”

“नाही. लिहिले नसतील तर तसं लिहून द्या.”

बाबांनी लिहून दिलं. ‘सदर अकरा लेख मी लिहिलेले नाहीत.’ एकेक अक्षर कोरत त्यांनी सही केली. आपण लेखक नसल्याचं प्रमाणपत्र देणारा माणूस जगात दुसरा नसावा. मी सुटकेचा श्वास सोडून चहा टाकायला उठले.

“अजून एक,” साहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून बारावा कागद काढला. हा माझ्याच नावावर सापडलेल्या तीन लेखांपैकी एक, माझा सगळ्यांत चांगला. एका खाडीतल्या तिसऱ्यांची सात वर्षांची, महिन्या-महिन्याची मोजमापं. त्यावर परदेशातली माणसंही बोलली होती. साहेबांना लेखाच्या शेवटची आभाराची ओळसुद्धा वाचायची सवय. त्यांनी ती मोठ्याने वाचली: ‘नमुने गोळा करणाऱ्या स्थानिक मदतनिसाचे आभार.’ आणि विचारलं, “हा स्थानिक मदतनीस कोण?”

मी उभीच राहिले. बाबा हसले. “तो मी!”

नोकरीतून सुटल्यावर बाबा सात वर्षं गावी होते, मालवणकडे. मी त्यांना मोजायची पट्टी नेऊन दिली होती, कशी धरायची ते दाखवलं होतं, आणि वह्या दिल्या होत्या. बाबांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून त्या वह्या काढल्या. साहेब एकेक पान उलटू लागले. तारीख, सुकतीची म्हणजे ओहोटीची वेळ, शंभर तिसऱ्या, प्रत्येकीची लांबी. आकडा खोडलेला कुठे नाही.

“दर अवसेच्या सुकतीक उतरलंय,” बाबा सांगत होते. “तापान फणफणत होतंय तरी उतरलंय. ह्या माझ्या चेडवान सांगितल्यान, खाडो नको. फक्त हिची आये गेली त्या म्हयन्यात खाडो पडलो.”

साहेबांनी ते पान शोधलं. कोरं होतं. माझ्या लेखात त्या महिन्यापुढे मी ‘नमुना उपलब्ध नाही’ असं छापलं होतं. आईच्या महिन्यापुढे. ते टाइप करताना मला काही वाटलं नव्हतं, घाईत होते. आता त्या खोलीत मला बाबांकडे बघवेना. मदतनीस! नाव घालायला जागा नव्हती का? जागा होती. पण लेखात आपले वडील खाडीतून शिंपले वेचतात हे कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. स्पष्टच सांगायचं तर लाज वाटली होती.

साहेब मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बाबांना म्हणाले, “ही आकडेवारी कोठारात ठेवता येईल. लेख वेगळा आणि आकडेवारी वेगळी. आकडेवारी ज्याने गोळा केली त्याचा वेगळा रकाना असतो. त्याला क्रमांक मिळतो.”

“माका?”

“आपल्याला. संशोधनात ज्याचा हात लागला त्या कुणालाही.”

पुढची पाच मिनिटं बाबांच्या पलंगावर बाबांचा क्रमांक काढण्यात गेली. ‘संस्था’ या रकान्याशी साहेब अडले. बाबा म्हणाले, मिल बंद पडली, टॉवरातून सुटलो, आता कुठली संस्था? “मग स्वतंत्र लिहितो,” साहेब म्हणाले. “तां मात्र खरां,” बाबा म्हणाले. क्रमांक आला तेव्हा त्यांनी बोटाने एकेक आकडा मोजला. “मिलात माझो बिल्लो चार आकडी होतो. हो सोळा. बढती झाली मगे!” आणि साहेब हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. दात छान होते त्यांचे.

खुलासा गेला. बाबांचं प्रमाणपत्र, माझ्या पासपोर्टची प्रत, जुने ईमेल, साहेबांचं चार पानी पत्र. अकरापैकी नऊ लेख महिन्याच्या आत माझ्या नावावर आले, उरलेल्या दोनांची दुरुस्ती करतो असं उत्तर आलं. चौकशीची भानगड मिटली. मुलाखतीची तारीख आली.

राहिली होती बाबांची आकडेवारी. ती कोठारात नोंदवायला मी जायचं होतं, आणि मी जात नव्हते. विभागातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “अगं, आत्ता कुठे ते दत्ताराम नाव निघालंय. तू परत तेच घालतेस? पॅनेल म्हणेल, काल म्हणालात हा माणूस अडाणी, आज तोच संशोधक? मुलाखत होऊ दे, मग घाल की. बाबा काय पळून चाललेत?” बोलणं अगदी व्यवहाराचं होतं. तीन दिवस मला तेच पटत होतं. चौथ्या दिवशी मी साहेबांना जाऊन विचारलं की काय करू.

“नोंद आपण करायची आहे,” ते म्हणाले. “मी फक्त रकाना दाखवला.” आणि ते आपल्या कामाला लागले. असा राग आला म्हणता! रोज सकाळी साडेदहाला लोकांच्या मागे लागणारा माणूस, आणि आज एक स्मरणपत्र देईना. तिथेच बाकावर पंधरा मिनिटं बसले. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, पळून जाणार नाहीत हे तरी कुणी सांगितलं, असं मनात आलं. मग उठले, त्यांच्या शेजारच्या संगणकावर बसले आणि नोंद केली. संकलक: दत्ताराम, पूर्ण नाव, सोळा आकडे, स्वतंत्र, लालबाग.

मुलाखतीत नको तेच झालं. बाहेरून आलेले तज्ज्ञ कागद चाळता चाळता थांबले. “हे संकलक दत्ताराम कोण? तुमच्या खुलाशात तर लिहिलंय, त्यांनी एकही लेख लिहिलेला नाही.”

खोलीत पाच माणसं माझ्याकडे बघत होती. तयारी करून गेले होते ते सगळं विसरले आणि जे तोंडात आलं ते बोलले.

“माझे वडील आहेत, सर. माझे अकरा लेख त्यांच्या नावावर गेले होते ते फॉर्म भरताना चूक झाली म्हणून. त्यांचं सात वर्षांचं काम माझ्या नावावर राहिलं ते मी मुद्दाम ठेवलं म्हणून. दोन्ही दुरुस्त केलंय.”

तज्ज्ञांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, “वह्या आहेत?” मी म्हटलं आहेत, पेटीत. मग ते सुकतीबद्दल, पट्टीबद्दल, त्या कोऱ्या महिन्याबद्दल विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. माझ्या बाकीच्या तेरा लेखांवर जेमतेम एक प्रश्न आला.

प्रोफेसर झाल्याचं पत्र सहा आठवड्यांनी हातात पडलं. ते घेऊन मी ग्रंथालयात धावले. साहेबांनी पत्र वाचण्याआधी लाल पेन काढलं, माझं नाव तपासलं, पेन परत खिशात ठेवलं. मग विचारलं, “घरी कळवलंत?”

“नाही. आधी तुमच्याकडे आले.”

“चला,” म्हणाले, आणि साडेचार वाजता, म्हणजे नोकरीच्या इतिहासात पहिल्यांदाच, वेळेआधी ग्रंथालयातून बाहेर पडले.

चाळीत बाबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, आईच्या फोटोपाशी नेऊन ठेवलं आणि मी पाया पडले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याशी फार बोलले नाहीत. माझ्याशी ते कधीच फार बोलत नाहीत. मनातलं सांगायला त्यांना तिसरा माणूस लागतो. आतून चहा आणताना मी ऐकलं. पलंगावर साहेबांना शेजारी बसवून, कोठारातल्या नोंदीचा छापील कागद मांडीवर पसरून ते हळू आवाजात सांगत होते.

“इतकी वर्षां माझां नाव ती आपल्या नावाक लावी, सायबानू. सगळ्यांची पोरां लावतत. आता तिना तां माझ्या कामाक लावल्यान.”

साहेबांनी त्या कागदावरून बोट फिरवलं, शेवटच्या आकड्यापर्यंत गेले आणि मान हलवली.

“नोंद बरोबर आहे,” ते म्हणाले.